अर्ज कोणाचा, किंमत कोणाची?

आपली गाऱ्हाणी लोकप्रतिनिधींच्या कानावर घालणे हा लोकशाहीतील नागरिकाचा हक्क आहे. शेतकरी भावासाठी, शिक्षक वेतनश्रेणीसाठी, गावकरी पाण्यासाठी आमदारांच्या दारी जातात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे एक गाऱ्हाणे पुन:पुन्हा मांडले जात आहे, आणि त्याचा विचार जरा निराळ्या रीतीने करावा लागेल. दुचाकी चालविताना डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, घालण्याची सक्ती नको, हे ते गाऱ्हाणे. मागणाऱ्याला यातून पैसा मिळत नाही, पद मिळत नाही. मिळते ती केवळ उघड्या डोक्याने फिरण्याची मोकळीक. असे असूनही ही मागणी शासनाला एकाहून अधिक वेळा माघार घ्यावयास लावण्याइतकी प्रबळ ठरली आहे.

या मागणीचे माहेरघर पुणे होय. १ जानेवारी २०१९ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी त्या शहरात हेल्मेटच्या नियमाची काटेकोर अंमलबजावणी सुरू केली. तिसऱ्याच दिवशी हेल्मेटसक्ती विरोधी कृती समितीच्या हाकेवरून शेकडो दुचाकीस्वार, काही जण पुणेरी पगड्या घालून, रस्त्यावर उतरले. चळवळ मोर्चावर थांबली नाही. जून महिन्यात पुण्याच्या आमदारांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेऊन नागरिकांच्या त्रासाची कैफियत मांडली, आणि रस्त्यात अडवून दंड करण्याची मोहीम थांबविण्याच्या सूचना निघाल्या. विधानसभेची निवडणूक तेव्हा चार महिन्यांवर होती.

त्यापूर्वी २०१६ मध्येही असेच घडले होते. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी त्या वर्षी प्रथम राज्यभर हेल्मेटची सक्ती जाहीर केली आणि जुलैमध्ये, हेल्मेट नसल्यास पेट्रोल मिळणार नाही, अशी घोषणा केली. पेट्रोलपंपचालकांनी आणि वाहनधारकांनी विरोध करताच काही दिवसांत ही घोषणा मवाळ झाली. घोषणा, ओरड, शिष्टमंडळ आणि माघार हा क्रम महाराष्ट्राच्या आता अंगवळणी पडला आहे.

पुण्याच्या या चळवळीची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळ झालीही आहे. परंतु चेष्टेने एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. राज्याच्या कायद्याची धार एका शहराच्या अर्जावरून बोथट होते, तेव्हा ज्यांनी अर्ज केलाच नाही अशांच्या वाट्याला काय येते? या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मी रस्त्यावर मिळणार नाही. ते जालन्यासारख्या जिल्ह्यात शोधावे लागेल.

कायदा आणि त्यातील पळवाट

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. हेल्मेटच्या सक्तीने नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावर घाला येतो, हा युक्तिवाद आंध्र प्रदेशच्या नियमासंबंधात १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अजय कानू विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला. नियम वाहनचालकाच्याच हिताचा आहे आणि त्याने संचाराचा हक्क हिरावला जात नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी संमत झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने दुचाकी चालविणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली.

याच कलमात आणखी एक तरतूद होती. राज्य सरकारला योग्य वाटतील ते अपवाद नियमांद्वारे करण्याची मुभा तिने दिली होती. देशभरच्या अर्जदारांना राज्याच्या आमदारांचे दार दिसले ते येथे. शहराच्या हद्दीत सूट द्या, स्त्रियांना सूट द्या, मागे बसणाऱ्यांना सूट द्या, अशा मागण्यांना या तरतुदीमुळे कायदेशीर पाया लाभला.

२०१९ च्या दुरुस्तीने ही मुभा काढून घेतली. आता चार वर्षांहून अधिक वयाच्या प्रत्येकाला शिरस्त्राण बंधनकारक आहे, आणि दंड शंभर रुपयांवरून एक हजार रुपये करण्यात आला असून तीन महिने परवाना स्थगित करण्याची तरतूद आहे. परंतु पुढचे दार बंद झाले तरी मागचे उघडे राहिले. १ सप्टेंबर २०१९ रोजी नवे दंड देशात लागू झाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांची अंमलबजावणी रोखून केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने तडजोडीचे दर ठरविले, ते हेल्मेटपुरते पाचशे रुपये होते. शेजारच्या गुजरातने तर डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक असल्याचे जाहीर केले आणि नंतर तो निर्णय मागे घेतला. कायदा दिल्लीत होत असला तरी त्याचे वजन किती पडावे हे राज्याची राजधानी ठरविते. अर्जदारांना हे नेमके ठाऊक असते.

विरोधकांचे म्हणणे

हेल्मेटविरोधकांचे सगळेच म्हणणे पोकळ आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. गर्दीच्या जुन्या पेठांतून वाहन वीस-पंचवीसच्या वेगाने चालते, तेथे महामार्गाचा नियम कशाला, असे ते विचारतात. उन्हाळ्यात डोके भाजते, मान अवघडते, मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा नीट ऐकू येत नाही, अशा तक्रारी आहेत. रस्त्यांवरचे खड्डे बुजवावयाचे नाहीत, दुभाजकांची डागडुजी करावयाची नाही, आणि नागरिकाच्या डोक्यावर मात्र ओझे ठेवावयाचे, हा शासनाचा कसला न्याय, हा प्रश्न तर बिनतोड वाटतो. चौकाच्या आडोशाला उभे राहून पावत्या फाडणाऱ्या यंत्रणेचा हेतू सुरक्षेचा की तिजोरीचा, हा संशयही निराधार म्हणता येत नाही.

अर्थशास्त्रातूनही त्यांना एक आधार सापडतो. शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले की, सुरक्षेची साधने सक्तीने दिली असता माणूस अधिक बेफिकीर होतो आणि वाचलेला धोका दुसऱ्या वाटेने परत येतो. विचार करावयास लावणारा हा सिद्धान्त आहे. पण शिरस्त्राणाच्या बाबतीत त्याची कसोटी पाहण्याची संधी अमेरिकेनेच जगाला दिली आहे. निरनिराळ्या राज्यांनी कायदा आणला, काढला आणि पुन्हा आणला, आणि जेथे तो काढला तेथे दुचाकीस्वारांचे मृत्यू वाढल्याचे तेथील अभ्यासकांना वारंवार आढळले. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की, शिरस्त्राणामुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

खड्ड्यांच्या युक्तिवादाचेही असेच आहे. रस्ता वाईट असणे हे शासनाला जाब विचारण्याचे कारण आहे, डोके उघडे ठेवण्याचे नव्हे. छप्पर गळते म्हणून कोणी छत्री फेकून देत नाही.

या वादातील तत्त्वाची बाजू प्रामाणिकपणे लढणारेही जगात होऊन गेले. ब्रिटनमध्ये १९७३ साली हेल्मेटची सक्ती झाली. पुढे फ्रेड हिल नावाच्या वृद्ध गृहस्थाने ती मान्य करण्याचे नाकारले, दंड भरण्याचे नाकारले, अनेकदा तुरुंगवास पत्करला, आणि १९८४ मध्ये तुरुंगात असतानाच त्याचा अंत झाला. त्याचे मत चुकीचे म्हणता येईल, पण त्या मताची किंमत त्याने स्वत: मोजली. आमदारांकडून सवलत मिळविणे आणि किंमत दुसऱ्याच्या नावे टाकणे हा मार्ग त्याहून फार निराळा आहे.

जालन्याचा दुचाकीस्वार

ही किंमत कोणाच्या नावे पडते हे पाहावयाचे असेल तर एखाद्या सकाळी जालना शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला उभे राहावे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून आणि परभणीतून वेगळा निघालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा आज दुचाकीवर चालतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शाळेला 'अप-डाऊन' करणारे शिक्षक असतात, तहसिलीतले कारकून असतात, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकविलेले गवळी असतात. लोखंडाच्या कारखान्यांतील रात्रपाळी संपवून परतणारे कामगार असतात. हंगामात बियाण्यांच्या कंपन्यांची माणसे शेतोशेती फिरतात. मोंढ्यात माल घातलेला शेतकरी मुलाच्या मागे बसून गावी परततो. बाजाराच्या दिवशी एका गाडीवर तिघे बसलेले दिसणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

यांतील बहुतेकांच्या डोक्यावर रुमाल असतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो ओलाही केलेला असतो. हेल्मेट असलेच तर पुष्कळदा ते आरशाला अडकविलेले किंवा टाकीवर ठेवलेले असते आणि पोलीस दिसताच डोक्यावर चढते.

पुण्याच्या पेठांचा युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. येथील प्रवास वीसच्या वेगाचा नाही, साठच्या वेगाचा आहे. तो दोन चौकांमधला नाही, वीस-तीस किलोमीटरचा आहे. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आहेत, रंग न दिलेले गतिरोधक आहेत, रात्री दिवा नसलेली बैलगाडी आहे आणि पावसाळ्यात साइडपट्टी खचलेली आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. तिच्या नशिबी जुनेच रस्ते आहेत. आणि दुचाकी ही येथे हौस नाही. शेवटची एस.टी. लवकर निघून जाते, २०२१-२२ चा एस.टी.चा दीर्घ संप लोकांच्या स्मरणात आहे, म्हणून हप्त्यांवर घेतलेली मोटारसायकल ही या जिल्ह्याची खरी सार्वजनिक वाहतूक बनली आहे. स्वस्त, सोयीची, आणि तितकीच असुरक्षित.

शहरी चळवळीने जी ढिलाई मिळविली ती शहरापुरती राहत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मंत्र्यांनी एकदा माघार घेतली की तिचा अर्थ राज्यभर एकच लावला जातो: हा नियम मनावर घेण्याजोगा नाही. जालन्याचा अप-डाऊन करणारा गुरुजी पुण्याच्या मोर्चात नव्हता. त्याला कोणी विचारलेही नाही. त्या मोर्चाचे फळ मात्र त्याच्या रस्त्यापर्यंत येऊन पोचले आहे.

डोके माझे, पण खर्च?

'माझे डोके, माझी जोखीम' हे वाक्य ऐकावयास स्वतंत्र बाण्याचे वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक मोठी चूक आहे. एखाद्याच्या वर्तनाचा खर्च त्याने न उचलता तो इतरांवर पडतो, तेव्हा त्या वर्तनाला केवळ खाजगी बाब म्हणता येत नाही. कारखान्याचा धूर हे या तत्त्वाचे पुस्तकी उदाहरण होय. उघडे डोके हे त्याच जातीचे उदाहरण आहे.

आकडे असे आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरील होती. मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते, आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. महाराष्ट्रात त्या वर्षी सर्व प्रकारच्या रस्ता अपघातांत मिळून पंधरा हजारांहून अधिक मृत्यू झाले. हेल्मेट असते तर हे पन्नास हजार सगळेच वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. वर सांगितलेले ४२ टक्क्यांचे प्रमाण लावले तर वाचू शकले असते असे सुमारे एकवीस हजार निघतात. आपल्याकडील हेल्मेटांचा दर्जा आणि ते बांधण्याची हयगय लक्षात घेऊन हा अंदाज निम्मा केला तरी दहा हजारांवर माणसे उरतात. एका वर्षातली.

मागे बसलेल्या त्या चौदा हजारांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. जालन्याच्या रस्त्यावर मागे बसणारी व्यक्ती पुष्कळदा पत्नी किंवा आई असते, एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल घेतलेली. गाडीचा वेग ती ठरवीत नाही. हेल्मेट घ्यावयाचे की नाही हेही बहुधा तिला विचारले जात नाही. तिच्या डोक्याची जोखीम कोणी आपल्या स्वातंत्र्याच्या नावाखाली घ्यावी, याला कोणत्याही तत्त्वज्ञानात आधार नाही.

मृत्यूचा हिशेब निदान संपतो. डोक्याच्या इजेचा संपत नाही. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यात पडलेला माणूस आधी जवळच्या रुग्णालयात, तेथून जालन्याला, आणि प्रकृती गंभीर असेल तर आणखी साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी'त किंवा एखाद्या खाजगी रुग्णालयात नेला जातो. अपघातानंतरचा पहिला तास मोलाचा, असे वैद्यक सांगते. तो या वाटेवरच सरतो. पुढे महिनोन्महिने चालणारे उपचार येतात. एक एकर विकले जाते, सावकाराचे देणे होते, मुलीचे शिक्षण थांबते. गाडीचे हप्ते मात्र थांबत नाहीत. स्वत:च घसरून पडलेल्याला तृतीय पक्षाचा विमा उपयोगी पडत नाही. त्याच्या वैयक्तिक अपघात विम्याची मुदत टळली असली तर कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही.

हा खर्च समाजही उचलतो, आणि आता तर कायद्यानेच उचलतो. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ता अपघातातील जखमींना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित केली. योजना स्वागतार्हच आहे. पण ज्या उपचारांचा भार समाजाने शिरावर घेतला, त्या उपचारांची गरज टाळणारे हजार-बाराशे रुपयांचे साधन वापरा, असे सांगण्याचा समाजाला अधिकार नाही, हे म्हणणे यानंतर कसे टिकावे?

मृतांची कृती समिती नसते

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे, कारण आमदारांकडे शिष्टमंडळे नेण्याची ही कला तेथील मोटारसायकलस्वारांनीच पूर्णत्वाला नेली. १९६६ मध्ये अमेरिकन संघ सरकारने रस्त्यांचा निधी हेल्मेटच्या कायद्याशी जोडला आणि १९७५ पर्यंत तीन राज्ये वगळता सर्वांनी तो कायदा केला. मग स्वार संघटित झाले. राज्याराज्यांच्या विधिमंडळांसमोर त्यांचे ताफे जमू लागले. १९७६ मध्ये काँग्रेसने निधीची अट काढून टाकली, आणि पुढील चार-पाच वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी प्रौढांपुरता कायदा रद्द किंवा सौम्य केला. एक गोष्ट मात्र तेथे पाळली गेली. २००० मध्ये फ्लोरिडाने आणि २०१२ मध्ये मिशिगनने सवलत दिली ती ठरावीक वयावरील स्वारांना, आणि अनुक्रमे दहा व वीस हजार डॉलरांच्या वैद्यकीय विम्याची अट घालून. रक्कम अपुरी होती, पण स्वातंत्र्य मागणाऱ्याने त्याच्या खर्चाची काही तजवीज दाखविली पाहिजे हे तत्त्व तेथे मान्य झाले. महाराष्ट्रातील सवलतीच्या मागण्यांत या तजविजीचा प्रश्न कधी ऐरणीवर आला नाही.

अशा लढतींत एकच बाजू का जिंकते, याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात देऊन ठेवले आहे. ज्यांचा त्रास आजचा, रोजचा आणि ठळक असतो, आणि जे संख्येने मर्यादित पण एकमेकांच्या जवळ असतात, ते संघटित होतात. ज्यांचा लाभ उद्याचा, अनिश्चित आणि हजारो घरांत विखुरलेला असतो, ते होत नाहीत. हेल्मेटचा जाच प्रत्येक स्वाराला प्रत्येक सकाळी जाणवतो. हेल्मेटने आपला जीव वाचणार आहे हे मात्र पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला आज ठाऊक नसते. म्हणून जाचाची समिती होते आणि वाचण्याची होत नाही. ज्यांना सगळ्यांत अधिक बोलता आले असते ते बोलू शकत नाहीत. त्यांच्या विधवा वारसाच्या दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवीत असतात. मुंबईस शिष्टमंडळ नेण्याइतकी सवड त्यांना कोठली?

विधिमंडळाचे काम अर्ज मोजण्याचे असते तर ते एखाद्या लिपिकालाही करता आले असते. जे अर्ज करू शकत नाहीत त्यांचेही हित पाहावे, यासाठी तर प्रतिनिधी निवडावयाचे असतात.

मागावयाचेच तर काय मागावे?

भोकरदन, बदनापूर, जालना, घनसावंगी आणि परतूर असे या जिल्ह्याचे पाच मतदारसंघ आहेत. येथील शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटना आमदारांकडे जातच असतात. त्यांनी दुचाकीस्वारांचे म्हणून एक निवेदन न्यावयास हरकत नाही; फक्त त्यात सवलत मागू नये.

दुचाकी विकताना मानकाप्रमाणे शिरस्त्राण पुरविण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, आणि २०२५ मध्ये एकाऐवजी दोन शिरस्त्राणे देण्याचा मसुदाही केंद्राने प्रसिद्ध केला. हा नियम दुकानात पाळला जातो की कागदावर, याची तपासणी जिल्ह्यात व्हावी, अशी मागणी करता येईल. १ जून २०२१ पासून मानक चिन्हावाचून हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांना मिळणारी टोपली घेणारा माणूस दंडापासून वाचतो, दगडापासून वाचत नाही. विक्रेत्याला मोकळे सोडून केवळ खरेदीदाराला दंड करणे हा न्याय नव्हे. गतिरोधकांना रंग, साइडपट्ट्यांची दुरुस्ती, ट्रॉल्यांना मागे दिवे, तालुक्याच्या ठिकाणी डोक्याच्या इजेवर प्राथमिक उपचारांची व्यवस्था, आणि शाळेच्या व कारखान्याच्या वेळेला एस.टी.ची गाडी, ही सारी मागण्याजोगी गाऱ्हाणी आहेत. दंडाची रक्कम याच कामांवर आणि याच जिल्ह्यात खर्च व्हावी, असा आग्रह धरला तर तिजोरीविषयीचा संशयही आपोआप दूर होईल.

आणि अंमलबजावणी सर्वांना सारखी असावी. व्हिएतनाम हा आपल्यासारखाच दुचाक्यांचा आणि बेताच्या उत्पन्नाचा देश. १५ डिसेंबर २००७ पासून तेथे सर्व रस्त्यांवर सर्वांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि अल्पावधीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक ते घालू लागले. तेथील ऊन आपल्यापेक्षा सौम्य नाही. फरक इतकाच की नियम बदलणार नाही याची लोकांना खात्री पटली. ज्या नियमाचे भवितव्य पुढच्या शिष्टमंडळावर अवलंबून असते त्याची सवय कोणाला लागत नाही.

तोवर एक गोष्ट कोणत्याही विधिमंडळाच्या संमतीवाचून करता येण्याजोगी आहे. वर्गावर जाणारा शिक्षक आणि कचेरीत जाणारा कारकून यांचे वर्तन गावात पाहिले जाते. गुरुजी रुमालाऐवजी हेल्मेट घालून फाट्यावरून गावात शिरले, त्यांच्या मागे बसलेल्या बाईंच्या डोक्यावरही ते असले, तर महाविद्यालयात जाणारा मुलगा ते पाहतो. वडिलांकडे मोटारसायकलसाठी हट्ट धरताना कदाचित तो दोन हेल्मेटांचाही हट्ट धरील. असा हट्ट कोणत्याही आमदाराच्या दारी न्यावा लागत नाही.